वरचे पाणी, खालचे गाव

(नृसिंहवाडी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



संयोजकांनी मला विषय दिला तो 'साथीचे रोग आणि मानवी समाज' असा. एवढ्या विषयाला एक संध्याकाळ कशी पुरणार? अख्खा चातुर्मास लावला तरी पुरायचा नाही. म्हणून मी तो वाडीच्या घाटापुरता आवरता घेतला आहे. घाटाच्या पायरीवर बसून जेवढे दिसते तेवढेच बोलेन. आणि इथून जे दिसते ते थोडेथोडके नाही.

प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येतात, सरस्वती गुप्तपणे मिळते असे आपण मानतो, आणि तिथून पंचगंगा सुरू होते. पुढे कोल्हापूर, मग इचलकरंजीचा पट्टा, मग आपला शिरोळ तालुका, आणि शेवटी वाडी. कोल्हापुरात जयंती नाल्यातून जे सुटले, इचलकरंजीत काळ्या ओढ्यातून जे मिसळले, तेरवाडच्या बंधाऱ्याला जे केंदाळ अडून कुजले, ते सरतेशेवटी आपल्या डोळ्यांदेखत कृष्णेच्या पदरात पडते. पंचगंगेचे शेवटचे गाव आपले. म्हणून साथीच्या रोगांवर बोलायला वाडीइतकी योग्य जागा नाही, असे मला वाटते. या रोगांचा इतिहास चाळताना एक गोष्ट वारंवार समोर येते. रोगाला वाट कोणी करून दिली आणि रोगाने कोण गेले, ही माणसे बहुतेक वेळा वेगळी असतात. कधी वेगळ्या गावची, कधी एकाच गावातल्या वेगळ्या आळीची. वरच्याने करायचे आणि खालच्याने निस्तरायचे.

आधी दक्षिणद्वाराबद्दल बोलतो, कारण त्याबद्दल न बोलता इथून उठलो तर तुम्हीच मला सोडणार नाही. कृष्णेला पूर येतो, पाणी पायऱ्या चढत इथल्या दत्तमंदिरात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, आणि त्या पाण्यात स्नान करायला रात्री-अपरात्री माणसे धावत येतात. चढता दक्षिणद्वार, उतरता दक्षिणद्वार, दोन्ही वेळा. जगात बहुतेक ठिकाणी पूर आला की माणसे पाण्यापासून पळतात. इथे पाण्याकडे पळतात. नदी देवाच्या पायांशी येते ही कल्पना ज्याला सुचली त्याचे मला कौतुकच वाटते. पण त्याच पाण्याचा दुसरा एक हिशेब आहे. पुराचे पाणी उकिरड्यांवरून, गोठ्यांतून, उंदरांच्या बिळांतून फिरून आलेले असते. उंदराच्या आणि जनावरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा नावाचा पिळदार जंतू पाण्यात उतरतो आणि पायाच्या भेगेतून, खरचटल्या जागेतून माणसाच्या रक्तात शिरतो. ताप येतो तो आठ-पंधरा दिवसांनी, घरी परतल्यावर. मुंबईच्या किंवा सोलापूरच्या डॉक्टरला रुग्ण दक्षिणद्वाराचे स्नान करून आलाय हे ठाऊक नसते. कावीळ उमटेपर्यंत तो साधा ताप समजून चालतो.

2019 च्या ऑगस्टमधला महापूर आठवा. शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर मेलेली जनावरे, कुजलेला चारा, चिखलाने भरलेल्या विहिरी. त्या वेळी आरोग्य खात्याची पथके घरोघर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या आणि मेडिक्लोरच्या बाटल्या वाटत फिरली. पुरानंतर साथ आली नाही तर बातमी होत नाही, म्हणून त्या पथकांची नावे कुणाला माहीत नाहीत. 2005, 2019 आणि 2021 असे तीन महापूर ज्यांनी चिखलात उभे राहून निस्तरले त्या आरोग्यसेविकांचा आणि आशाताईंचा सत्कार या व्यासपीठावर एकदा व्हायला हवा, ही सूचना जाता जाता करून ठेवतो.

आता पटकी. पेशवाई बुडाली ते वर्ष 1818, आणि बंगालातून निघालेली पटकी दख्खनेत उतरली तीही त्याच वर्षी. आधीच्या वर्षी ती लॉर्ड हेस्टिंग्जच्या फौजेत शिरली होती. फौजा चालल्या तशी ती चालत राहिली, पुण्यात आली, मुंबईला गेली, तिथून गलबतांत बसून अरबस्तानाकडे. सकाळी बरा असलेला माणूस संध्याकाळी कोरडा पडून जातो, हे आपल्या लोकांनी या प्रमाणात पूर्वी पाहिले नव्हते. तासाला लिटरभर पाणी शरीरातून निघून जाऊ शकते, मग दुसरे काय होणार? लोकांनी मरीआईला साकडे घातले. गावात साथ आली की मरीआईचा गाडा सजवायचा, नैवेद्य दाखवायचा, आणि वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा. शिवेपलीकडे म्हणजे कुठे? पुढच्या गावात. पुढच्या गावाने तो आपल्या पुढच्या शिवेवर न्यायचा. आपण आज या प्रथेला हसतो. पण प्रक्रिया न केलेले मैलापाणी नदीत सोडणारे प्रत्येक शहर काय करते? मरीआईचा गाडाच तो, फक्त वाजंत्री नाही.

पटकीचे आणि यात्रांचे नाते मात्र खरे होते. ते नाकारून चालणार नाही. 1867 च्या हरिद्वारच्या कुंभातून परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर पटकी उत्तर हिंदुस्थानभर पसरली. त्याच्या आदल्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत युरोपच्या मुत्सद्द्यांनी हिंदुस्थानच्या यात्रांकडे बोट दाखवले होते. मौज अशी, की त्याच युरोपातल्या लंडनमध्ये 1854 साली डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीचे मृत्यू मोजून पटकी पाण्यातून येते हे दाखवले होते, आणि तिथल्या थोरामोठ्यांना ते पटायला बराच काळ लागला. लंडनची गटारे थेम्समध्येच पडत होती. म्हणजे दोष गंगेच्या यात्रेकरूचा, आणि थेम्सचे काय? सत्ता हातात असली की रोगाचा पत्ता नेहमी दुसऱ्याच्या घराचा निघतो.

इथे एक शंका नक्की येणार, म्हणून आधीच बोलतो. 'गंगेचे पाणी कितीही दिवस ठेवा, किडत नाही, हे साहेबानेसुद्धा सिद्ध केलंय,' असा मजकूर तुमच्या मोबाईलवर आला असेलच. त्यात तथ्य आहे. अर्नेस्ट हँकिन नावाच्या जंतुशास्त्रज्ञाने 1896 मध्ये लिहिले, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात. पुढे कळले की जंतूंना खाणारे विषाणू नदीत असतात. नदीला स्वतःला सावरायची शक्ती असते, यात वादच नाही. पण ती शक्ती म्हणजे अमर्याद भांडवल नव्हे. पाण्यात प्राणवायू हवा, प्रवाह हवा. उन्हाळ्यात बंधाऱ्याला पाणी तुंबले, वरून सांडपाणी आले, की पहिले मासे मरून तरंगतात. तेरवाडला हे दृश्य तुम्ही अनेकदा पाहिले आहे. आणि काविळीच्या विषाणूला हे जंतुभक्षक हातही लावत नाहीत.

पटकीवर यात्रा बंद करणे हा इंग्रजांना सुचलेला एक उपाय, टोचणे हा दुसरा. पंढरपूरच्या वाटेवर पटकीची सुई टोचून घेतल्याचा दाखला विचारला जायचा, हे इथल्या वयस्क वारकऱ्यांना आठवत असेल. दंड सुजायचा, ताप यायचा, आणि त्या लशीचा टिकाव मोजकेच महिने. खरे काम केले ते नळाच्या पाण्याने आणि मीठ-साखरेने. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत सलाइन संपले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात मीठ-साखरेचे पाणी कालवून नातेवाइकांच्या हाती दिले आणि पाजत राहा म्हणून सांगितले. शेकडा तीस मरत होते तिथे तीन-चारांवर आले. विसाव्या शतकातल्या वैद्यकातली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठी गोष्ट. हे पाणी पाजायला ना डॉक्टर लागतो ना सुई, आई पुरते.

पटकी पाण्याच्या वाटेने आली, तर प्लेग आगगाडीच्या. मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली 1891 मध्ये. त्यानंतर पाच वर्षांनी, 1896 च्या सप्टेंबरात, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना पहिला रुग्ण दिसला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी; धान्य तिथे उंदीर, उंदीर तिथे पिसू. पोत्यांबरोबर, माणसांच्या बोचक्यांबरोबर प्लेग देशावर आला. पुढच्या पंचवीसेक वर्षांत हिंदुस्थानात कोटीभराहून अधिक माणसे त्याने नेली. पुण्यातले प्लेग कमिशनर रँडचे प्रकरण तुम्हाला शाळेपासून पाठ आहे: गोऱ्या सोजिरांनी घरात शिरून केलेली झडती, बाहेर फेकलेली चीजवस्तू, बायामाणसांची विटंबना, आणि 22 जून 1897 ची गणेशखिंडीतली रँडच्या खुनाची रात्र. पण त्यातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्या झडत्या वैद्यकीय दृष्ट्याही बऱ्याच अंशी फुकट होत्या. सोजीर माणसे शोधत होते, कपडे जाळत होते, आणि रोग जात होता उंदरांच्या पिसवांवरून. पॉल-लुई सिमाँ यांनी ते कराचीत दाखवले 1898 मध्ये, आणि तेही लगेच कुणी मानले नाही.

कोल्हापूर संस्थानातही प्लेग आलाच. शाहू महाराजांनी वस्त्या मोकळ्या करवल्या, माळावर झोपड्या उभारून लोकांना तिथे हलवले. घर रिकामे करणे हा उपाय इंग्रजांचाही होता आणि आपल्या गावगाड्यालाही जुना ठाऊक होता. उंदीर पडायला लागले की खेडूत आपणहून रानात राहायला जात. फरक पडला तो कोण सांगतो आणि कसे सांगतो यात. लोकांचा राजा सांगतो आणि बाहेर राहायची सोय करून सांगतो, हे एक. बंदूकवाला शिपाई दार फोडून सांगतो, हे दुसरे. साथीच्या कायद्याचा मसुदा लिहिणाऱ्यांनी एवढे जरी ध्यानात ठेवले असते तरी पुष्कळ झाले असते. 1897 च्या फेब्रुवारीत केलेला तो चार कलमी कायदा सरकारला काय काय करता येईल ते सांगतो. सरकारने लोकांसाठी काय केले पाहिजे, याबद्दल त्यात चकार शब्द नाही. आणि 2020 च्या मार्चमध्ये, एकशे तेवीस वर्षांनी, आपण महाराष्ट्रात तोच कायदा बाहेर काढला.

1918 च्या तापाच्या (फ्लूच्या) साथीबद्दल थोडक्यात सांगतो. आपल्याकडे तिला मानमोडीची साथ म्हणत. महायुद्धाहून परतलेल्या जहाजांतून ती मुंबईत उतरली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. हिंदुस्थानात सव्वा ते दोन कोटी माणसे गेली, असे अंदाज आहेत. 1911 ते 1921 हे एकच दशक असे, की ज्यात या देशाची लोकसंख्या घटली. एवढा मोठा आघात, पण आपल्या साहित्यात त्याचा पुसट ठसाच दिसतो. प्लेगवर पोवाडे झाले, कारण त्यात इंग्रज होता. तापात खलनायक कुणी नव्हता.

आता या घाटाशी जास्त जवळची गोष्ट. तीर्थक्षेत्राच्या पायऱ्यांवर भांडे घेऊन बसलेली, बोटे झडलेली माणसे तुमच्यातल्या पन्नाशीच्या पुढच्यांनी पाहिली आहेत. गुरुचरित्रात नरहरीची कथा आहे. कुष्ठाने ग्रासलेल्या त्या ब्राह्मणाला गुरूंनी वाळलेल्या औदुंबराच्या लाकडाला पाणी घालायला सांगितले, लाकडाला पालवी फुटली, आणि त्याची काया शुद्ध झाली. कथेचा अर्थ तुम्ही माझ्याहून चांगला जाणता. मला त्यात दिसते ते असे, की ज्याला कुणी उभे करत नव्हते त्याला गुरूंनी काम दिले आणि जवळ ठेवले. समाजाने उलट केले. कुष्ठ हा मुळात फार सावकाश आणि फार थोड्यांना होणारा संसर्ग. हॅन्सेन यांनी जंतू दाखवला 1873 मध्ये, आणि 1980 च्या दशकापासून बहुविध औषधोपचाराने तो पुरता बरा होतो. तरीही कुष्ठरोग्यांना डांबण्याचा 1898 चा कायदा रद्द व्हायला 2016 उजाडले, आणि जोडीदाराचे कुष्ठ हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून गेले 2019 मध्ये! जंतू मेला तरी भीती दोन पिढ्या जगते. इथून जवळच मिरजेला रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय आहे आणि वॉनलेसवाडीला क्षयाचे आरोग्यधाम होते. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी उभ्या केलेल्या मिरजेच्या वैद्यकीय परंपरेचा लाभ या पंचक्रोशीने मनसोक्त घेतला. पण ज्यांना घरातून काढले त्यांच्यासाठी परक्यांना दारे उघडावी लागली, ही नोंद आपल्या खात्यावर राहतेच.

आता आजच्या मुख्य मुद्द्याकडे येतो, म्हणजे काविळीकडे. 1955 च्या अखेरीस दिल्लीत यमुनेला पूर आला, पात्र सरकले, आणि नजफगढ नाल्याचे पाणी उलटे फिरून वझिराबादच्या पाणी उपसा केंद्रापाशी आले. सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. तेव्हा विषाणूचे नावही कुणाला माहीत नव्हते. आज आपण त्याला हिपॅटायटिस ई म्हणतो. नाला कुठे सुटतो आणि पाणी कुठे उचलतो, या दोन जागांमधले अंतर हाच या रोगाचा सगळा भूगोल. 1981 मध्ये कोल्हापूर शहरात पाण्यातून काविळीची साथ आली आणि पुण्याच्या विषाणू संस्थेने तिचा अभ्यास केला. 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत आली. यंत्रमागाची खटखट चालू असलेल्या गल्ल्यांमध्ये घरटी एक पिवळ्या डोळ्यांचा माणूस होता. गरोदर बायका दगावल्या, कारण हा विषाणू गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत भयंकर ठरतो. शंभरात वीस-पंचवीस जाऊ शकतात. लागण झाल्यापासून कावीळ उमटायला दोन ते आठ आठवडे लागतात, म्हणून रुग्ण दिसू लागतात तेव्हा दोष असलेले पाणी केव्हाच वाहून गेलेले असते आणि तपासायला मिळते ते चांगले पाणी. मग अधिकारी सांगतात, 'नमुने पिण्यायोग्य आहेत.' ते खोटे बोलत नसतात, उशिरा बोलत असतात.

यात पाईपलाईनचा वाटा किती, हे मी शिरोळ तालुक्यातल्याच एका गावात जवळून पाहिले. नाव सांगत नाही, कारण तसे गाव शोधायला लांब जावे लागत नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक बरोबर होता. टाकीजवळच्या नळाचे पाणी त्याने काचेच्या नळीत घेतले, ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, थेंब टाकले. पिवळसर रंग आला. म्हणजे टीसीएल पावडर पडली होती, क्लोरीन होते. मग आम्ही गावाच्या खालच्या अंगाला, शेवटच्या टोकाच्या नळाला गेलो. तिथे तीच बाटली, तेच थेंब, आणि पाणी जसेच्या तसे पांढरे. 'इथपर्यंत पोचतच न्हाई साहेब,' तो म्हणाला. का पोचत नाही ते तिथेच दिसत होते. नळाची जोडणी गटारीतून गेलेली, तिला चिंधी बांधलेली. पाणी दिवसातून तासभर येणार. पाणी थांबले की नळी रिकामी होते, आत ओढ तयार होते, आणि चिंधीतून गटारीचे पाणी आत शिरते. त्यात वरच्या चार घरांनी नळाला मोटर लावली की ओढ दुप्पट. क्लोरीन त्या घाणीशी झुंजून वाटेतच संपतो. शेवटच्या नळाला दर लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे, हा नियम. त्या गावाला पंचायत समितीकडून पाणी सुरक्षित असल्याचे हिरवे कार्ड मिळाले होते. तपासणीचा नमुना बहुधा टाकीजवळचा होता.

टाकी वरच्या आळीत असते आणि शेवटचा नळ खालच्या आळीत. कुणाची वस्ती कुठे असते, हे मी सांगायला नको.

इचलकरंजीच्या साथीनंतर उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, नीरीचा अहवाल आला, कोल्हापुरात कसबा बावड्याला दिवसाला 76 दशलक्ष लिटरचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभे राहिले. म्हणजे काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण इचलकरंजीने आधी पंचगंगा सोडून कृष्णेचे पाणी आणले, मग सुळकूड योजनेसाठी दूधगंगेकडे पाहिले, तर कागलच्या बाजूने त्या योजनेला विरोध झाला. आम्ही आमची नदी जपली, तुमची तुम्ही घाण केलीत, आता आमचे पाणी का, असे ते विचारतात. त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. पण तहान लागलेला यंत्रमाग कामगार काळा ओढा रंगवणारा नाही, हेही तितकेच खरे. इथेही तेच: रंग सोडणारा वेगळा, पाणी पिणारा वेगळा.

कोरोनाबद्दल तुम्ही इतके ऐकले आहे, की मी फार बोलत नाही. मार्च 2020 मध्ये वाडीचे मंदिर बंद झाले, ते पाडव्याला, 16 नोव्हेंबरला, उघडले. पुन्हा 2021 मध्ये बंद. बासुंदी-पेढ्याची दुकाने, खोल्या देणारी घरे, फुलवाले, रिक्षावाले, सगळ्यांची चूल यात्रेकरूवर. गाव सोडून न जाताही माणसे उपाशी राहू शकतात, हे वाडीने तेव्हा पाहिले. त्या काळात देवळे उघडा म्हणणाऱ्यांना अडाणी ठरवणे सोपे होते. पण मंदिर बंद ठेवण्याचा खर्च कुणी सोसायचा, याचा विचार बंदचा आदेश काढणाऱ्यांनी केला नव्हता. आणि गर्दीचा धोका नाकारणाऱ्यांनी आपल्याच घरातल्या म्हाताऱ्यांचा केला नव्हता.

शेवटी, समोर येऊन ठेपलेल्या एका कामाबद्दल. गुरू कन्या राशीत गेला की वाडीला कन्यागत महापर्वकाळ लागतो. मागचा 2016 च्या ऑगस्टमध्ये लागला, श्रींची पालखी शुक्लतीर्थावर गेली, लाखोंनी स्नान केले. पुढचा 2028 मध्ये. पावसाळ्याचा महिना असेल, नदी भरलेली असेल, गाव मूळचे लहान, आणि माणसे महिनोन्महिने येत राहतील. घाटाचे सुशोभीकरण, रस्ते, कमानी यांचे आराखडे होतीलच, कारण ते फोटोत दिसतात. माझी मागणी फोटोत न दिसणाऱ्या गोष्टींची आहे: शौचालयांचे मैलापाणी नदीऐवजी कुठे जाणार ते आधी ठरवा, मुक्कामाच्या प्रत्येक घरातल्या शेवटच्या नळाची ओटी चाचणी रोज सकाळी करा आणि निकाल देवळाच्या फलकावर लिहा, स्नानाला येणाऱ्यांना पायाला जखम असेल तर काय करायचे ते पालखीच्या वेळांबरोबरच छापून द्या, आणि पर्वकाळाच्या आधीच्या उन्हाळ्यात कोल्हापूर, इचलकरंजी या दोन्ही महापालिकांच्या आयुक्तांना इथे बोलवून आपल्या घाटावरचे पाणी त्यांच्यासमोर बाटलीत भरा. वाडीच्या ग्रामसभेला हा ठराव करता येतो. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. ग्रामसेवक सभागृहात बसले आहेत असे मला कळले. त्यांनी पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत तो घ्यावा.